खासदार व्हायचंय? आधी पतसंस्था काढा

पक्षाच्या सतरंज्या उचलून कुणी खासदार झालेलं पाहिलंय का? नाही ना? मग एसटी स्टँडसमोर एक गाळा घ्या आणि आजोबांच्या नावाने पतसंस्था काढा.

बँकेच्या भानगडीत पडू नका. तिथे रिझर्व्ह बँक डोकावते, शिवाय ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. हे ठेवीदाराला कळतं तेव्हा शटर अर्धं खाली आलेलं असतं.

व्याज दोन टक्के जास्त. ज्येष्ठांना वर आणखी अर्धा.

कर्ज मेव्हण्याला.

वार्षिक सभा जेवणाच्या वेळेला घ्या. मठ्ठ्याचा वास आला की अहवाल कुणी वाचत नाही, 'मंजूर, मंजूर' आपोआप होतं.

आता मुख्य युक्ती. सीमेपलीकडे कर्नाटकातले सभासद करा आणि संस्था बहुराज्यीय करून घ्या. मग तिचा निबंधक दिल्लीचा. ठेवीदार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे गेला, की तो चष्मा पुसत म्हणतो, "आमच्या अखत्यारीत येत नाही." पुढे तुम्हीही दिल्लीला जाता. फाईल दिल्लीत, साहेब दिल्लीत, आणि पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी इथे बाकावर.

परवा अकराव्यांदा गेलो होतो. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. निवृत्तीच्या पैशातले 4 लाख तिथे आहेत, मुदत गेल्या दिवाळीत संपली. काउंटरवरची मुलगी माझीच विद्यार्थिनी, सातवी ब. तिने पावती उलटीसुलटी पाहिली, मान खाली घातली आणि म्हणाली, "सर, पुढच्या महिन्यात बघू या." मग बॉक्स पुढे केला. पेढे! कशाचे? तर साहेबांनी लोकसभेत पहिला प्रश्न विचारला. विषय: ग्रामीण भागातली आर्थिक साक्षरता.

अहो, साक्षर आहोत आम्ही! पावतीवरची तारीख वाचता येते. सही कुणाची तेही वाचता येतं. लोकसभेला उभं राहताना साहेबांनी 25,000 अनामत भरली होती. एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली, तर हरलेल्यालाही ती परत मिळते. आमची परत मिळायला किती मतं लागतात, तेवढं सांगा. घरात चार आहेत.

आणि आपण तरी काय केलं? पैसे अडकलेत हे माहीत असताना सत्काराला गेलो. 'सहकारमहर्षी' लिहिलेल्या फ्लेक्सखाली रांगेत उभे राहून हार घातले, कारण प्रत्येकाला वाटलं, साहेब खूश झाले तर निदान माझे तरी आधी सोडतील. मलाही वाटलं. शाल मीच आणली होती, साडेचारशेची. लाज वाटते सांगायला.

साहेब, ऑपरेशन 14 तारखेला आहे. त्या पोरीला सांगून ठेवा, पेढा नको, चेक दे म्हणावं.