राजमा दडदडीत राहिला, आळ मात्र मिठावर

नमस्कार,

इतकं सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत. नुसतं "शिजलं नाही" एवढंच कळवलं असतंत तर उत्तर देणं अवघड होतं.

तुमची तक्रार थोडक्यात अशी: कडधान्य भिजवताना पाण्यात मीठ घाला, असं इथे लिहिलं होतं. तुम्ही त्याप्रमाणे राजमा रात्रभर भिजवलात, सकाळी कांदा-टोमॅटोच्या वाटणासकट कुकरला लावलात, मोठ्या आचेवर आठ शिट्ट्या काढल्यात, तरी दाणे दाताखाली कचकचले. मिठाने कडधान्य शिजत नाही हे घरोघरी माहीत असताना असले उलटे सल्ले देऊन लोकांचा गॅस का जाळता, असा तुमचा सवाल. शिवाय भिजवलेलं पाणी ओतून द्यायला सांगणं म्हणजे सत्त्व मोरीत घालवणं, आणि त्यापेक्षा चिमूटभर सोडा बरा, हेही. जाता जाता तुम्ही सांगितलंत की पाणी बोअरचं आहे आणि राजमा मागच्या वर्षी भरून ठेवलेल्यातला.

मिठाचा सल्ला मागे घ्यायचं कारण दिसत नाही. तुमच्या त्या कुकरमध्ये तीन संशयित होते आणि मीठ त्यांत नव्हतं.

दाणा मऊ होतो म्हणजे त्याच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळतं आणि पेशी सुट्या होतात. हे पेक्टिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या आधाराने घट्ट बसलेलं असतं. भिजताना मिठातलं सोडियम त्यातल्या काही कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेतं. मग पकड सैल होते आणि साल फुटण्याऐवजी दाण्याबरोबर ताणलं जातं. प्रमाण असं: २५० ग्रॅम राजम्याला १ लिटर पाणी आणि १५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट अडीच चहाचे चमचे. ८ ते १२ तास पुरतात. उकाड्यात भांडं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर पाण्यावर फेस धरतो आणि आंबूस वास येतो. नंतर पाणी ओतून दाणे धुऊन घेतले की अर्ध्या चमच्याच्या आसपास मीठ दाण्यांत उतरलेलं असतं, रश्श्यात तेवढं कमी घालायचं. मिठाचं पथ्य असलेल्यांनी साध्या पाण्यात भिजवावं, थोडा वेळ जास्त लागेल इतकंच.

मग मिठाचं नाव बदनाम कशाने झालं? एक तर न भिजवलेलं कडधान्य थेट खारट पाण्यात उकळायला टाकलं तर ते पाणी हळू पितं, तेवढ्यापुरतं खरं आहे. दुसरं म्हणजे मीठ बहुतेक वेळा एकटं पडत नाही. त्याच्याबरोबर टोमॅटो, चिंच नाहीतर लिंबू पडतं. आंबट करून जातं आणि नाव मिठाचं होतं.

म्हणजे पहिला संशयित टोमॅटो. आंबट पाण्यात पेक्टिन विरघळायला राजीच नसतं. दाणे अर्धे शिजलेले असताना आंबट पडलं तर ते तिथेच अडकतात, मग शिट्ट्या कितीही काढा. टोमॅटो, चिंच, व्हिनेगर, दही, सगळ्यांना एकच नियम: दाणा पूर्ण शिजल्यावर. गुळाचंही तसंच, साखर पेशींच्या भिंती टणक ठेवायला मदत करते. याची दुसरी बाजू उपयोगाची आहे. दाणे हवे तसे मऊ झाले आणि पुढे रस्सा अर्धा तास उकळायचा असला तर आंबट घालून टाका, दाणे विरघळून पीठ होणार नाहीत.

दुसरा संशयित बोअरचं पाणी. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुळातच भरपूर असतं. म्हणजे मीठ एका बाजूने पकड सोडवतंय आणि पाणी दुसऱ्या बाजूने ती घट्ट करतंय. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला पांढरा थर धरत असेल तर आणखी पुरावा नको. असं पाणी १०-१५ मिनिटं खळखळून उकळा, निवू द्या आणि तळाचा गाळ न ढवळता वरचं ओतून घ्या. बराचसा जडपणा खाली बसतो. सगळा जात नाही, कारण उकळून न जाणारेही क्षार असतात. आरओचं पाणी मिळत असेल तर कडधान्यापुरतं ते वापरणं सोपं.

तिसरा संशयित, आणि हा सगळ्यांत चिवट, म्हणजे जुना माल. उष्ण-दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या दाण्यांत असे बदल होतात की पाणी पिऊनही ते शिजत नाहीत. डब्यात पाहून हे ओळखू येत नाही, वजनावर निम्मं ओळखू येतं. १०० ग्रॅम कोरडे दाणे १२ तास भिजवा, पाणी निथळून पुन्हा तोला. २०० ग्रॅमच्या आसपास भरले तर सालातून पाणी आत गेलं. १६०-१७० वर अडकले तर बरेच गणंग आहेत, ज्यांच्या सालातून पाणी शिरतच नाही. गणंग निवडून काढा, बाकीचे शिजतील. वजन पूर्ण भरलं आणि तरी शिजलं नाही, तर दोष पाण्याचा किंवा साठवणीचा.

त्या दोघांतला कोण, ते एका कुकरात ठरवता येतं. दोन डब्यांत पन्नास-पन्नास ग्रॅम तोच राजमा भिजवा, एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात आरओचं, मीठ दोन्हींत सारखं. सकाळी त्याच त्या पाण्याचा ताजा घोट दोन्हींत घालून डबे एकाच वेळी कुकरला लावा, टोमॅटो-बिमॅटो काही नाही. फक्त आरओवाला मऊ झाला तर पाणी दोषी. दोन्ही दडदडीत राहिले तर तो साठा कुकरमध्ये घालण्याच्या लायकीचा राहिलेला नाही. मिठावरचा तुमचा संशय अजून गेला नसेल तर पुढच्या खेपेला पाणी एकच ठेवा आणि एका डब्यात मीठ घालूच नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर पुन्हा आपलं जुनंच भांडण.

शिट्ट्यांबद्दलही बोलायला हवं. शिटी हे वेळेचं माप नाही. दाब ठरलेल्या पातळीपलीकडे गेला की वजन उचललं जातं आणि वाफ सुटते, एवढाच तिचा अर्थ. मोठ्या आचेवर आठ शिट्ट्या बघता बघता होतात, मंद आचेवर त्याच आठांना कितीतरी पट वेळ लागतो. पाककृतींत "पाच शिट्ट्या" लिहिणाऱ्यांना गॅसच्या कुठल्या आचेवर, हे विचारायची सोय नसते. दाब भरला की, म्हणजे पहिल्या शिटीला, आच बारीक करा आणि तिथून घड्याळ लावा: भिजवलेला राजमा १५ ते २० मिनिटं, छोले २० च्या आसपास, चवळी ६ ते ८. पाणी दाण्यांच्या वर दोन बोटं, पण कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, कारण कडधान्य फेसाळतं आणि सुटलेली सालं वाफेच्या नळीत अडकतात. चमचाभर तेल घातलं की फेस कमी येतो.

आणि वाफ आपोआप जिरू द्या. वजन उचलून दाब एकदम सोडला की दाण्याच्या आतलं पाणी झटक्यात उकळतं आणि साल फाटून दाणा उघडा पडतो. झाकण उघडल्यावर एक दाणा चाखून निकाल लावू नका, पाच घ्या. त्यांतला एक सुरीने उभा कापा. मध्यभागी खडूसारखा पांढुरका ठिपका दिसला की आणखी पाच मिनिटं. ठिपका नसेल आणि जीभ टाळूला दाबल्यावर दाणा विरघळत असेल तर झालं. दाणे त्याच पाण्यात निवू द्या, कोरड्यावर काढले की सालं सुरकुततात. ते दाटसर पाणी टाकू नका, रश्श्याला निम्मी चव त्यानेच येते.

पण भिजवलेलं पाणी मात्र ओतायचंच. थोडे क्षार आणि ब जीवनसत्त्वं त्यात जातात, हे तुमचं बरोबर. त्याच पाण्यात पोटात वायू धरणाऱ्या शर्कराही उतरतात. राजम्याच्या बाबतीत कारण आणखी गंभीर आहे. त्यात असलेल्या लेक्टिन नावाच्या एका प्रथिनाने, दाणे कच्चे राहिले तर, काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे की राजमा किमान ५ तास भिजवावा, पाणी टाकावं आणि ताज्या पाण्यात ३० मिनिटं उकळावा. प्रेशर कुकरच्या तापमानाला, साधारण १२० अंश सेल्सिअसला, ही काळजी उरत नाही. मंद आचेवर तासन्‌तास ठेवायच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा मात्र कधीही थेट घालू नये. तिथे पाणी उकळीला पोचेलच याची खात्री नसते, आणि अर्धवट तापलेला दाणा कच्च्याहून जास्त बाधू शकतो.

सोड्याला माझा विरोध नाही. तुमच्या पाण्याला तो कामाचा आहे, कारण तो पाणी अल्कधर्मी करतो आणि कॅल्शियमही खाली बसवतो. फक्त चिमूट हे माप फसवं आहे. लिटरभर पाण्याला पाव चहाचा चमचा, त्यापुढे नाही. जास्त झाला की दाणे चिकट लगदा होतात, तोंडात साबणासारखी चव रेंगाळते आणि ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं. मिठाने जमत असेल तिथे मीठच, कारण त्याने चवही आतपर्यंत जाते.

आता तो पातेल्यात उरलेला राजमा. रश्श्यातच सोडा टाकू नका, टोमॅटोशी भेट झाली की भसकन फेस येईल आणि चव मरगळेल. दाणे झाऱ्याने काढून धुवा, ताज्या आरओच्या पाण्यात पाव चमचा सोडा घालून कुकरमध्ये १० मिनिटं शिजवा, वाफ आपोआप जिरू द्या, मग दाणे परत रश्श्यात घाला. तेवढ्याने मऊ झाला नाही, तर डब्यातला बाकीचा साठाही त्याच वयाचा आहे. तो संपवायच्या मागे लागू नका.