पँटीतलं विष आणि बादलीतला गावठी उपाय

मंगळवारी रात्री साडेनऊला सावंतवाडीहून मामीचा फोन. जेवलीस का वगैरे काही नाही, थेट सुरुवात, "गो, त्या तुझ्या प्यांटीत इख आसा म्हणान मेसेज इलो हा, घालू नको गो." म्हटलं पाठव मला. पाठवला. सात मुद्दे, प्रत्येकापुढे लाल दिवा, आणि शेवटी 'किमान दहा ट्रेकर्सपर्यंत पोचवा'. हाच मेसेज माझ्या दोन ट्रेक ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेला होता, तेव्हा मी हसून सोडून दिला. आता नाही सोडत. मामीची काजूची बाग माकडतापाच्या, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या तापाच्या, पट्ट्यात आहे आणि तिथे हा मेसेज म्हणजे नुसती करमणूक नाहीये.

आधी पँटीचं सांगते. दादा न्यू जर्सीला असतो. तिकडे गोचिडीमुळे लाइम नावाचा रोग होतो, म्हणून हायकिंगच्या दुकानात पर्मेथ्रिन हे किडे मारणारं औषध लावलेले कपडे सर्रास मिळतात. त्याने मागच्या दिवाळीत माझ्यासाठी दोन आणि मामेभावासाठी एक पँट आणली. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: हे औषध कातडीतून रक्तात जातं, झिणझिण्या आल्या म्हणजे नसा जळायला लागल्या, अंगावर पुरळ आलं की ते याचंच, कॅन्सर होतो, युरोपात बंदी आहे, अमेरिकन सैनिक यानेच आजारी पडले, म्हणून कपडे फेकून द्या आणि त्याऐवजी 'आपला गावठी उपाय' करा. गावठी उपायाकडे येतेच, तोच तर खरा कळस आहे.

रक्तात जातं म्हणे. अहो, खरूज झाली की डॉक्टर जी ट्यूब लिहून देतात, मानेपासून तळपायापर्यंत चोपडून रात्रभर ठेवायची ती, त्यात काय असतं माहितीये? पर्मेथ्रिनच. पाच टक्के. दोन महिन्यांच्या बाळाला सुद्धा देतात. तीस ग्रॅमची ट्यूब म्हणजे दीड ग्रॅम, म्हणजे १५०० मिलिग्रॅम औषध एका रात्रीत सरळ कातडीवर, आणि त्यातलंही फार तर दोनेक टक्के आत जातं, ते लिव्हर फोडून लघवीवाटे बाहेर काढतं. आता कपड्याचं बघा. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ साली सैन्याच्या वर्द्यांवर एक अख्खा अहवाल काढलाय, फक्त याच प्रश्नावर, की हे औषध लावलेली वर्दी रोज घातली तर सैनिकाला काही होईल का. तेव्हा वर्दीत औषधाचं प्रमाण होतं दर चौरस सेंटिमीटरला ०.१२५ मिलिग्रॅम, आणि कापडातून कातडीवर उतरतं ते दिवसाला जेमतेम अर्धा टक्का. मी कागदावर हिशोब केला, शर्ट-पँट मिळून दीड चौरस मीटर कापड अंगाला घासतंय असं धरलं तर दिवसभरात नऊ-दहा मिलिग्रॅम. कुठे नऊ आणि कुठे पंधराशे. अहवालाचा निष्कर्षही हाच की अशा वर्दीने सैनिकांना अपाय होण्याची शक्यता नाही. ज्या माणसाने हा मेसेज लिहिलाय त्याच्या घरात कधी खरूज आली असेल तर त्याने ती ट्यूब गुपचूप लावलेली असणार, पैज लावते.

झिणझिण्यांचं मात्र पूर्ण खोटं नाही, हे कबूल करावं लागतं. या जातीच्या औषधांनी कातडीतल्या बारीक नसांची टोकं थोडा वेळ चाळवली जातात, मग मुंग्या येतात, चुरचुरतं, विशेषतः चेहऱ्यावर आणि घाम येतो तिथे. पण ही अॅलर्जी नाही आणि नसा जळणंही नाही, साधारण दिवसभरात आपोआप जातं. आपल्याकडे गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात औषधवाल्या मच्छरदाण्या वाटतात, त्या नव्या असताना पहिल्या रात्री कुणाकुणाचं तोंड चुरचुरतं, शिंका येतात, म्हणून तर वापरायच्या आधी दिवसभर सावलीत पसरून ठेवा सांगतात. उन्हात नाही, सावलीत. पँटीचंही तेच, नवी असेल तर एक दिवस वाऱ्यावर टाका आणि मग घाला.

आता पुरळ. मेसेज म्हणतो ट्रेकहून आल्यावर अंगावर काहीही उठलं की ते कपड्यातल्या औषधाचं. म्हणजे सह्याद्रीत बाकी काही नाहीच जणू! खाजकुयली नाही, आग्या नाही, सुरवंट नाहीत, घामोळ्या नाहीत. आणि गाजरगवत, जे १९५५ च्या सुमारास पुण्यातच पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज प्रत्येक पायवाटेच्या कडेला कमरेएवढं उभं असतं, त्याने वर्षानुवर्षं हात-मान सोलवटून घेतलेली माणसं कुठल्याही कातडीच्या डॉक्टरकडे बसलेली दिसतील. पर्मेथ्रिनची खरी अॅलर्जी होतच नाही असं मी म्हणत नाही, पण ती दुर्मिळ आहे. गंमत म्हणजे शेवंतीच्या कुळातल्या ज्या फुलापासून या औषधाची कल्पना आली त्याच्या नैसर्गिक अर्कानेच अॅलर्जी जास्त होते, कारण त्यात झाडाचे बाकी अंशही येतात. कारखान्यातल्यात ते नसतात. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे डोक्यातून कधी जाणार देव जाणे.

माझंच सांगते. पहिल्याच पावसाळ्यात गुडघ्यामागे आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला लालभडक चट्टे उठले, बारीक पुरळ, रात्रभर खाज. मलाही पहिला संशय औषधाच्या पँटीचाच आला, खोटं कशाला बोलू. ती कपाटात टाकली. दोन आठवड्यांनी साधी पँट घालून गेले तरी तेच, त्याच जागी. मग डॉक्टरांनी विचारलं आत काय घालतेस. आत मी दोन्ही वेळा तीच गडद निळी सिंथेटिक टाइट्स घातली होती, न धुता, दुकानातून आणलेली तशीच. गडद निळ्या-काळ्या पॉलिस्टरमधले काही रंग घामाने सुटून कातडीला लागतात आणि नेमकं कपडा घट्ट बसतो तिथेच उठतं, हे मला तेव्हा कळलं. टाइट्स बंद, चट्टे बंद. औषधाची पँट अजून चालू आहे.

पण या मुद्द्यावर मी एवढी का चिडलेय तर 'पुरळ म्हणजे औषध' या खुळापायी खरी गोष्ट नजरेतून सुटते. ट्रेकनंतर आठ-दहा दिवसांनी ताप आला आणि कमरेच्या इलास्टिकखाली किंवा काखेत सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली, बहुतेक वेळा न दुखणारी, तर ती पँटीची अॅलर्जी नसते, स्क्रब टायफस असू शकतो, झाडाझुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास त्याचे किती रुग्ण निघाले होते ते पेपरात सगळ्यांनी वाचलंय. वेळेत डॉक्सिसायक्लिन नावाचं अँटिबायोटिक मिळालं तर माणूस पटकन बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततं. आणि हा मेसेज सांगतो पुरळावर दही लावा, तीन दिवस वाट बघा.

कॅन्सर, युरोप, सैनिक हे तीन एका दमात उरकते. उंदरांना भरपूर खायला घातल्यावर गाठी दिसल्या होत्या हे खरं, पण आपण पँट खात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९१ साली याला 'माणसात कॅन्सर होतो की नाही हे ठरवता येत नाही' या गटात टाकलंय. युरोपात बंदी अर्धी खरी: पिकावर फवारायला परवानगी नाही, कापडाला लावायला आहे, जर्मन सैन्याच्या वर्द्यांना तेच लावतात. आणि १९९१ च्या आखाती युद्धातल्या सैनिकांचा आजार खरा आहे, त्यात कीटकनाशकांचा हात होता असंही पुढे तिथल्या सरकारी समितीने म्हटलं, पण त्या लोकांना विषारी वायूपासून वाचायला वेगळ्या गोळ्या दिल्या होत्या, वर कितीतरी प्रकारची कीटकनाशकं वापरली होती. ट्रेकच्या एका पँटीशी ती खिचडी कशी काय जुळवता?

तर आता गावठी उपाय. मुद्दा सातवा, जसाच्या तसा: 'जनावरांच्या गोचिडाचे औषध कृषी केंद्रात स्वस्त मिळते, एक झाकण बादलीभर पाण्यात टाकून कपडे भिजवावे, कोणताही परदेशी केमिकल नको.' वाचून मी कपाळावर हात मारला. अरे बाबा, त्या बाटलीत बहुतेक वेळा सायपरमेथ्रिन असतं, पर्मेथ्रिनचा सख्खा भाऊ, आणि हा भाऊ जास्त तिखट. झिणझिण्या, आग, चुरचुर सगळं याच्याने कितीतरी जास्त होतं. शिवाय शेतीच्या औषधात ते विरघळवायला रॉकेलसारखं द्रावण असतं, ते वेगळं कातडी सोलतं. कापडात किती उतरलं याचं माप नाही, वाळल्यावर टिकतं किती माहीत नाही. बाटलीवर विष किती जहाल ते सांगणारा रंगीत त्रिकोण छापलेला असतो, तो शोभेला नसतो. म्हणजे पहिले सहा मुद्दे ज्या केमिकलला शिव्या घालायच्या, सातव्यात त्याच्याच दांडगट भावाला घरात घ्यायचं.

आणि हे कुणी करत असेल का असं वाटत असेल तर माझ्या मामेभावाने केलं. दादाने आणलेली पँट मेसेज वाचून मामीने लपवून ठेवली, मग याने जुनी खाकी पँट बादलीत बुडवली. तो सांगत होता, पाण्यात टाकल्याबरोबर सगळं दुधासारखं पांढरं झालं आणि न्हाणीघरात रॉकेलचा वास सुटला. अर्धवट ओलीच घालून बागेत गेला. दोन तासांत घाम फुटला आणि मांड्यांना मिरची लावल्यासारखी आग. घरी येऊन कढत पाण्याने आंघोळ केली, त्याने आणखी भडकली, कारण उष्णतेने हे वाढतं. साबण आणि गार पाणी, एवढंच करायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसला पाय फाकवून. वर मामी मलाच म्हणते, बघ, मेसेज खरो होतो ना, औषधान कातडी जळता!

तिला सांगून सांगून दमले. सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आहेत, डिसेंबर ते मे, नेमका काजूचा हंगाम. चावतात ती गोचिडीची पिल्लं तिळाएवढी असतात, पायावर चढलेली कळतही नाहीत. या तापावर नेमकं औषध नाही, जुनी लसही बंद झालीय. आरोग्य खात्याने दिलेलं तेल हातापायाला लावायचं, पूर्ण कपडे घालायचे, घरी आल्यावर अंग तपासायचं, एवढंच आपल्या हातात आहे आणि त्यात कपड्याला औषध लावलेलं असेल तर चांगलंच. मेसेजवाला यातलंच एक काढून घ्यायला सांगतोय.

हो, सातात एक वाक्य खरं आहे ते राहिलंच: मांजरांना हे औषध विषारी आहे. अगदी खरं. त्यांचं लिव्हर हे पचवू शकत नाही, ओल्या औषधाशी मांजराचा संबंध येऊ द्यायचा नाही. कारखान्यातून वाळून आलेल्या पँटीचा धोका फारसा नाही, पण बादलीभर ताज्या औषधाचा आहे. पाण्यातल्या माशांना तर त्याहून जास्त. मामीकडे तीन मांजरं आहेत, घरामागे व्हाळ म्हणजे ओढा आहे, आणि बादलीतलं ते पांढरं पाणी मामेभावाने कुठे ओतलं हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.