‘मी आहे ना’ म्हणणारं गाणं

मावशीला स्तनाचा कॅन्सर झालाय हे तिला कळू द्यायचं नाही, असं गेल्या वर्षी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं. त्यासाठी तिला वगळून वेगळा ग्रुपच काढला होता. "गाठ आहे, काढली की झालं," एवढंच तिच्या कानावर घालायचं. मामाचं म्हणणं, नाव ऐकूनच माणूस अर्धा खचतो. मावसबहीण म्हणत होती, रात्री आईच्या उशाशी बसायचं आणि तिच्याशीच खोटं बोलायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. मी इथे अमेरिकेत, नॅशव्हिलमध्ये. सकाळी उठले की साठ-सत्तर मेसेज पडलेले असायचे, तोवर कराडला संध्याकाळ झालेली असायची.

त्याच ऑक्टोबरात ऑफिसला जाताना गाडीत एक गाणं लागलं. कंट्री म्हणजे इथल्या लोकसंगीतातून आलेली गाणी; रेडिओ स्टेशनांवर ती सतत चालू असतात, मी कधी नीट कान देत नाही. त्या दिवशी मात्र गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली. मार्टिना मॅकब्राइड या कंट्री गायिकेचं ‘आय’म गॉना लव्ह यू थ्रू इट’, 2011 मधलं, ‘इलेव्हन’ या अल्बममधलं. बेन हेस्लिप, सोन्या आयझॅक्स आणि जिमी यिअरी या तिघांनी लिहिलेलं.

गोष्ट अगदी साधी आहे. एका बाईला डॉक्टरांचा फोन येतो, जे मनात होतं तेच निघतं, तिच्या हातून फोन गळून पडतो. वय अडतीस, पदरात तीन मुलं. नवरा स्वतःचं रडू आत दाबतो आणि तिला घट्ट धरतो. दुसऱ्या कडव्यात ऑपरेशन नीट पार पडलंय, आजार वेळेत सापडलाय, पण ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त काढावं लागलंय. मग ओढूनताणून आणलेलं हसू आणि ढगळ शर्ट. आता माझ्याच्यानं होत नाही, असं ती म्हणते. तो तिला जवळ घेतो आणि सांगतो, माझं प्रेम याच वेळेसाठी तर आहे.

मी ते गाणं घरच्या ग्रुपवर टाकलं. मामाचं उत्तर लगेच आलं, "असलं रडगाणं पेशंटला ऐकवायचं नसतं. काहीतरी पॉझिटिव्ह पाठव." हे मत एकट्या मामाचं नाही. आपल्याकडे आजारी माणसाभोवती सकाळ-संध्याकाळ हेच चालतं. विचार चांगले ठेव, मन खंबीर कर, अमक्यानं कॅन्सरवर मात केली, तमकी आता डोंगर चढते. भावनेला हात घालणारं काही आलं की आपल्याला वाटतं, हे माणसाला कमजोर करणार. मला ते पटत नाही. मामाला तेव्हा फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

हे गाणं रडवतं, पण फसवत नाही. ते आजाराचं नाव घेतं, बाईचं वय सांगतं, काय गमावलं तेही सांगतं. "तू बरी होशील" असं मात्र त्यात कुठेही नाही. नवरा जे वचन देतो ते त्याच्या हातातलं आहे. तू थकलीस तर मी उभा राहीन, तू सोडून दिलंस तर मी धरून ठेवीन, एक पाऊलही टाकवेना झालं तर हात दे. पुढचा रिपोर्ट कसाही आला तरी हे वचन खोटं ठरत नाही. आपण मावशीला "काही होत नाही गं" म्हणत होतो, ते वचन एका बायोप्सीच्या कागदानं मोडणारं होतं. आशा कशावर टेकवायची हे त्या गाण्याला आमच्यापेक्षा जास्त कळलेलं आहे.

त्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. कडव्यात ‘ती’ आणि ‘तो’ आहेत, आपण लांबून बघत असतो. ध्रुवपद आलं की सगळं ‘मी’ आणि ‘तू’ होतं. शब्द नवऱ्याचे, आवाज बाईचा. त्यामुळे जो कोणी गुणगुणायला लागतो, मुलगी असो, भाऊ असो की शेजारीण, त्याच्या तोंडून ते वचन दिलं जातं. बाजूला थांबवलेल्या गाडीत मीही ते देऊन बसले, सात समुद्रांपलीकडून, आणि ते पाळता येणार नाही हे जाणवून जास्त रडले.

इथल्यांना हे जमतं आणि आपल्याला जमत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या बायकोला हाच आजार झाला. 1993 च्या कायद्यानं इथे घरच्यांच्या गंभीर आजारासाठी वर्षाला 12 आठवडे रजा मिळते, तीही बिनपगारी, आणि 50 पेक्षा कमी माणसांच्या कंपनीत तेवढाही हक्क नाही. आरोग्य विमा नोकरीला बांधलेला, म्हणजे तिच्याजवळ राहायला नोकरी सोडावी तर तिच्या औषधांचं छत्र जातं. त्यानं ते 12 आठवडे एकेक दिवस करून पुरवले. किमोच्या दिवशी सुट्टी, दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. त्या दुसऱ्या दिवशी ती घरी एकटी असायची. गाण्यात फक्त एक ‘मी’ आहे, कारण इथे बहुतेकदा खरोखरच एकच माणूस असतो. बिलांबद्दल, रजेबद्दल गाणं अवाक्षर काढत नाही, आणि ही त्याची उणीव मला बोचते. याच कंट्री संगीताच्या लोकांनी ती बाजू दुसऱ्या रीतीने उचलली आहे, हेही खरं. 1989 पासून इथली कंट्री रेडिओ स्टेशनं मेम्फिसच्या सेंट ज्यूड या मुलांच्या हॉस्पिटलसाठी श्रोत्यांकडून पैसे गोळा करतात, आणि तिथे आईबापांना उपचारांचं बिल दिलं जात नाही.

कराडात माणसांची वाण नव्हती. डबे यायचे, दवाखान्यात रात्रीच्या सोबतीला आळीपाळीनं कोणी ना कोणी असायचं. मुंबईला ट्रीटमेंट सुरू झाली तेव्हा काका-मावशी दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले. तिथे राज्याराज्यांतून आलेली कुटुंबं होती, आणि काकांना त्या अनोळखी माणसांचा जो आधार झाला तो मी इथे कुठल्या वेटिंग रूममध्ये पाहिलेला नाही. पण हे सगळं प्रेम मावशीच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होतं. फाइल काकांच्या हातात. पहिल्या डॉक्टरांनी तर तिला स्टुलावर बसवून सगळं काकांशीच बोलून घेतलं. अवयवाचं नाव कोणी घेत नव्हतं. ‘छातीत’ म्हणायचं, फार तर इंग्रजीत. भारतात बायकांना सगळ्यात जास्त होणारा कॅन्सर हाच आहे आणि आपल्या बोलण्यात त्याला नाव नाही.

ऑपरेशननंतर मी व्हिडिओ कॉल केला तेव्हा ती घरातच, पंख्याखाली, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसली होती. पिन लावलेली. मावशीला मी घरात कधी असा पदर घेतलेला पाहिलं नव्हतं. गाण्यातला ढगळ शर्ट मला तिथे दिसला.

तिला कळलं ते आमच्यापैकी कोणाकडूनही नाही. कॅन्सरच्या पेशंटला आणि त्याच्या सोबतच्या माणसाला रेल्वेच्या भाड्यात सवलत असते. महालक्ष्मी एक्सप्रेसच्या तिकिटासाठी काकांनी त्याचा दाखला आणला, आणि जाण्याच्या गडबडीत चष्मा शोधताना तो तिच्या हाती लागला. तिनं वाचला, घडी घालून परत पिशवीत ठेवला. कोणाला काही बोलली नाही. पुढचे दोन महिने ती आमच्यापासून लपवत होती आणि आम्ही तिच्यापासून. भीतीच्या त्या दोन महिन्यांत ती पूर्ण एकटी होती, एवढ्या भरल्या घरात. मामाला माझं उत्तर विचाराल तर हे आहे.

तिनं हे मला सांगितलं ते फेब्रुवारीत, लाइट घेणं, म्हणजे रेडिएशन, संपल्यावर. मग मी तिला त्या गाण्याबद्दल सांगितलं. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून ओळ-ओळ मराठीत सांगत गेले आणि नेमकी मुख्य ओळीवर अडले. ‘मी तुझ्यावर यातून प्रेम करत राहीन’ असं कोणी मराठीत बोलत नाही. काकांनी तर चाळीस वर्षांत प्रेम हा शब्दही उच्चारला नसेल. शेवटी मी म्हटलं, "तो तिला म्हणतो, मी आहे ना."

मावशी जरा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "त्या बाईचं पुढं काय झालं?"

"गाण्यात ते सांगितलेलं नाही."

"बरं केलं," ती म्हणाली. आणि फोन तोंडापासून लांब धरून आत हाक मारली, "अहो, इकडं या जरा. ही काय सांगतेय ते तुम्ही पण ऐका."