टेकडीवरचा वटवट्या

मानेला बाम चोळून झालाय, राग मात्र अजून उतरलेला नाही.

परवा सकाळी वेताळ टेकडीवर हिरवट पर्ण वटवट्या शोधत होतो. वजन आठेक ग्रॅम. हिमालयाकडून, पार सैबेरियाकडूनही उडत येतो आणि हिवाळाभर आपल्या झाडांत किडे टिपत बसतो. रंग पानासारखा, हलतोही पानासारखाच. पंखावर एक फिकट बारीक रेघ, ती दिसली तर दिसली. नाहीतर आवाजावरून ओळखायचा, आणि बोलतो तरी किती, तर ‘चिस्वी’. चाळीस मिनिटं मान मागे टाकून उभा होतो. रेघ दिसतेय असं वाटलं, तेवढ्यात मागून कुणाच्या तरी खिशातला अभंग जवळ आला.

“काय, बिबट्या का?”

“नाही काका, वटवट्या.”

काका थबकले. “आमची ही मला हेच म्हणते. बघू!”

मी दुर्बीण दिली. इथेच चुकलो. काकांनी ती झाडाकडे न नेता थेट खाली, इमारतींवर रोखली. चाक मन लावून फिरवलं.

“अरे, ही आमची गॅलरी! टॉवेल अजून तसाच!” लगेच फोन, तोही स्पीकरवर. “अगं, टॉवेल काढ तो. पडेल खाली.”

“तुम्हाला काय माहीत?”

“दिसतोय मला. टेकडीवरून.”

क्षणभर शांतता. मग पलीकडून खणखणीत आवाज, “दुर्बिणीतून लोकांच्या घरात बघता? या वयात?”

“मी नाही गं!” काका माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, “इथे एक जण असतो, तो बघतो.”

शेजारून चाललेल्या दोन बायका थांबल्या. मी उगाचच वर झाडाकडे बोट दाखवलं. तिथे आता नुसती पानं होती.

सगळे म्हणतात, टेकडीवर शांततेसाठी येतो. मग येताना स्पीकर कशाला आणता? हसायचं तर तेही घोळक्याने, मोठमोठ्याने. त्यात ‘चिस्वी’ कुणाला ऐकू येणार? त्या पक्ष्याने हजारो किलोमीटर उडून काय हे ऐकायला यायचं?

वहीत लिहिलं : वटवट्या, प्रश्नचिन्ह.

काकांनी दुर्बीण परत केली. काचेवर दोन्ही अंगठे उमटलेले.

“उद्या आहात ना? हिला गहू उन्हात घालायचेत. कबुतरांवर लक्ष ठेवता येईल.”