भाईच्या रेकॉर्डी गावातच राहू देत

आमच्या मालवण तालुक्यातल्या गावात सध्या एक वाद पेटलाय. भाई गेला. त्याच्या मागे राहिलेल्या गॅरेज रॉकच्या, म्हणजे साठच्या दशकातल्या पोरांच्या रांगड्या बँडांच्या, रेकॉर्डी त्याचा भाचा वाचनालयाला द्यायला तयार आहे. त्यावर कमिटीतल्या एका गृहस्थांनी ग्रुपवर लिहिलं, "ही गांजेकसांची इंग्लिश गाणी आपल्या पोरांना कशाला? भजनाच्या कॅसेटी जमवा." मी अमेरिकेतल्या टॅकोमाहून उत्तर दिलं, तर म्हणाले, "टॅकोमात बसून सांगायला काय जातं?"

पहिल्या वाक्याने माझी झोप उडवली आहे, म्हणून आधी त्याचंच बोलतो.

भाई बोटीवर होता. बंदराला लागलं की बाकीचे लोक घड्याळं, सेंट घ्यायचे आणि हा जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात शिरायचा. त्याचा प्लेयर अमेरिकेत घेतलेला, म्हणजे 60 हर्ट्झच्या विजेवर चालणारा. आपल्याकडे वीज 50 ची, आणि मोटरचा वेग त्यावरच ठरतो. त्यामुळे तबकडी मिनिटाला 33⅓ ऐवजी जेमतेम 28 फेऱ्या घ्यायची आणि गाणं रडल्यासारखं ओढत चालायचं. भाईने मोटरच्या पुलीवर चिकटपट्टी गुंडाळायला सुरुवात केली. एक वेढा द्यायचा, तबकडीवर कागदाचा कपटा ठेवायचा, हातातल्या घड्याळाकडे बघत मोजायचं. तीन मिनिटांत बरोबर शंभर फेऱ्या भरल्या पाहिजेत. एकशे एक झाल्या तरी पट्टी सोडवून पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून रेकॉर्डींच्या कपाटात चोवीस तास बल्ब पेटता असायचा. एवढ्या निगुतीने जगणाऱ्या माणसाच्या आयुष्यभराच्या ठेव्याला तुम्ही एका शब्दात गांजेकस म्हणता?

त्याच्याकडेच मी पहिल्यांदा द सॉनिक्स हा बँड ऐकला. हे याच टॅकोमाचे. लाकडाच्या गिरण्यांचं, बंदराचं, कष्टकऱ्यांचं गाव. 1965 च्या त्यांच्या पहिल्या एलपीत, म्हणजे मोठ्या रेकॉर्डीत, ड्रम एकाच मायक्रोफोनवर घेतलेत, आवाज फाटतोय, गाणारा घसा खरवडून ओरडतोय. मी नाक मुरडलं तेव्हा भाई म्हणाला, "ह्यां आयक, मगे बोल." टेक्ससच्या थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स या बँडमध्ये टॉमी हॉल मडक्याला माईक लावून त्यात तोंडाने घूघू करायचा. ते ऐकताना भाई हसून म्हणायचा, "घुमट आसा ता." घुमट म्हणजे आपलं मडक्याचं वाद्य. एलिव्हेटर्सवाले एलएसडी या नशेच्या पदार्थाचं उघड गुणगान करत, ते मी लपवत नाही. पण ती रेकॉर्ड रोज ऐकणारा भाई साधी विडीही ओढत नसे.

आणि हे सगळं परकं कसं? इथे पोरांचे बँड एकमेकांसमोर उभे करून चुरस लावत. आपल्याकडे डबलबारीला, दोन भजनी बुवांच्या सामन्याला, रात्रभर दुसरं काय चालतं? आपल्या देशातही इम्पीरियल टोबॅकोने शिमला सिगरेटच्या नावाने अशा स्पर्धा भरवल्या. त्यांच्या 1970 आणि 71 च्या एलपींत भारतातल्याच शहरांतली पोरं वाजवताहेत. त्यातली पहिली भाईच्या कपाटात आहे. जगभरचे संग्राहक ती शोधत असतात, आणि आमच्या कमिटीला तिच्यासाठी जागा नाही!

ही भीती इथेही होतीच. शेजारच्या पोर्टलंडच्या किंग्समेन बँडने 1963 मध्ये 'लुई लुई' गायलं, तेव्हा पालकांना त्यात अश्लील शब्द ऐकू आले. थेट एफबीआयने, अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने, चौकशी केली आणि शेवटी लिहून दिलं की कुठल्याही वेगावर वाजवलं तरी यातले शब्द कळत नाहीत. 1985 मध्ये तेच गाणं आमच्या वॉशिंग्टन राज्याचं राज्यगीत करावं का, यावर राज्याच्या राजधानीत, ऑलिंपियात, आमदार चर्चा करत होते. राज्यगीत झालं नाही, पण सिएटलच्या संग्रहालयात आज या संगीताला मान आहे. या लोकांना आपल्या पोरांचा गोंगाट जपून ठेवायची अक्कल वीस वर्षांत आली. आपल्याला किती वर्षं लागणार?

आता दुसरं वाक्य. हो, मी इथे बसून सांगतो. सिक्स्थ अॅव्हेन्यूवरच्या दुकानात शनिवारी मी तास तास रेकॉर्डी चाळतो, मालक अदबीने वागतो. सॉनिक्स मी मालवणात ऐकले असं सांगितलं की तो हसतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. भाई गेल्याचा फोन आला त्या दिवशी ज्याला सांगावं असं या अख्ख्या शहरात मला कुणी नव्हतं, आणि हे संगीत तर इथलंच! ते ऐकताना मला भाईची पडवी आठवते, तिथला सुक्या मासळीचा वास आठवतो. त्या रेकॉर्डी मुंबईच्या एखाद्या व्यापाऱ्याकडे गेल्या तर गावात मी कुणाकडे जायचं, हा माझा स्वार्थ आहे आणि तो मी मान्य करतो.

म्हणून कमिटीला माझी विनंती आहे. कपाटाचे पैसे मी देतो, सुया आणि पट्टे दर वर्षी पाठवतो. पुलीवरची चिकटपट्टी मात्र कुणी काढू नका. आणि निर्णय मिरगाआधी घ्या. भाईचं घर बंद आहे, वीज तोडली आहे, कपाटातला बल्ब विझलाय. एक पावसाळा गेला की कव्हरं हाताला लागणार नाहीत.