पाळीच्या आगेमागे लस नको, हे खोटंच होतं

2021 च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं, की 1 मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना कोरोनाची लस मिळणार. लगोलग घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: मुलींनो, पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर लस घेऊ नका. तेव्हा प्रतिकारशक्ती कमी असते, लस ती आधी आणखी घटवते, मग वाढवते. केंद्र सरकारच्या माहिती विभागाने, पीआयबीने, 24 एप्रिललाच तो खोटा ठरवला. तरी त्यावर विश्वास ठेवणाऱ्या बायका अजून भेटतात.

आधी हिशेब बघा. आधीचे पाच, पाळीचे चार-पाच, नंतरचे पाच, म्हणजे निम्मा महिना बाद. तेही लस नोंदणीच्या कोविन साइटवर स्लॉट बघता बघता संपत होते तेव्हा! पाळीच्या चक्रात हार्मोन वरखाली होतात, पण त्यामुळे लस घातक ठरते याला काही पुरावा नव्हता, आजही नाही. 16 जानेवारीपासून नर्स, आशाताई, अंगणवाडी सेविका लस घेत होत्या. पाळीची तारीख बघून टोचायचं, असा नियम त्यांच्यासाठीही नव्हता.

लस आधी प्रतिकारशक्ती घटवते, हे तर उलटंच. डोसनंतर कणकण येते, अंग मोडून येतं, ते प्रतिकारशक्ती कामाला लागल्यामुळे.

‘लशीने मूल होत नाही’ ही अफवाही पाठोपाठ आलीच. लशींच्या चाचण्यांत गरोदर बायकांना घेतलं नव्हतं, तरी चाचणी चालू असताना लस घेतलेल्या काहींना दिवस गेले.

मात्र डोसनंतर पाळी पुढे गेली म्हणणाऱ्या बायका खोटं बोलत नव्हत्या. जानेवारी 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात पाळीचं चक्र सरासरी एका दिवसाहून कमी लांबल्याचं दिसलं, रक्तस्रावाचे दिवस वाढले नव्हते. हे आधीच कळलं असतं, पण मोठ्या चाचण्यांत पाळीची नीट नोंदच ठेवली नाही. बायकांनी विचारलं, तर ‘टेन्शनमुळे होतं’ म्हणून त्यांना वाटेला लावलं. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. अफवेला जागा इथेच मिळाली.

आणि लस न घेता थांबण्याची किंमत? गरोदर बायकांना आपल्याकडे लस खुली झाली ती थेट 2 जुलै 2021 ला. त्याआधी जूनमध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने आकडे दिले होते: कोरोना झालेल्या गरोदर आणि बाळंतीण बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण पहिल्या लाटेत 0.7 टक्के होतं, दुसऱ्या लाटेत 5.7.