मौन पाळा, स्कॅन करा

अभिनंदन! नाशिकच्या कॅथलिक साधना केंद्राच्या निधी समितीवर तुमची वर्णी लागली. हॉलचा पत्रा गळतोय, बोअरवेलची मोटर जळालीय, आणि नाताळची साधना तोंडावर आली आहे. गरज खरी आहे, हे मी आधीच मान्य करतो. वाळवंटात आकाशातून मान्ना नावाचं अन्न पडायचं बंद झालं त्याला फार काळ लोटला. फादरांना पत्रा विकतच आणावा लागतो. त्यामुळे मागायचं की नाही, हा प्रश्नच नाही. कसं मागायचं, एवढंच शिकून घ्या.

सुरुवात आगमनकाळापासून, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांपासून करा. वेदीजवळच्या हिरव्या चक्रात चार मेणबत्त्या असतात, चार रविवारच्या चार. म्हणजे चार प्रायोजक. तीन जांभळ्या असतात आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी. गुलाबी एकच असल्यामुळे तिचा भाव चढा ठेवा. गोठ्याचंही तसंच. इ. स. १२२३ मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावात खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून नाताळचा गोठा उभा केला, पण त्यावर कुणाचं फ्लेक्स लावलं नाही. बिचाऱ्याने गरिबीशीच लग्न लावलेलं, त्याला हे कुठून सुचणार? तुम्ही द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटांचा गोठा करा, वर चांदणी टांगा आणि चांदणीच्या खाली 'सौजन्य' लिहून मोबाइल नंबर द्या. मागी लोक, म्हणजे ते ज्ञानी पुरुष, पूर्वेकडून चांदणी बघत बाळ येशूकडे आले होते. तुमच्याकडे मुंबई-वसईचे लोक कसारा घाट चढून येणार आहेत, त्यांनाही काहीतरी दिसायला हवं.

आता साधनेचा गाभा, म्हणजे मौन. हे कडक पाळा. गेटवरच सगळ्यांचे मोबाइल काढून घ्या, नंबर लावलेल्या कापडी पिशवीत ठेवा. माणसाने चार दिवस स्वतःच्या आत बघावं, देवाचा आवाज ऐकावा, यासाठी हे फार आवश्यक आहे. फक्त अर्पणाच्या वेळी पिशव्या परत द्या, कारण क्यूआर कोड स्कॅन करायला मोबाइल लागतो. कोडचा स्टँड बाळ येशूच्या गव्हाणीच्या इतका जवळ ठेवा की कुणी बाळाचा फोटो काढायला गेला तरी पैसे पाठवायचं पान उघडावं. साउंडबॉक्सही ठेवा. सगळा हॉल मान खाली घालून आत्मपरीक्षण करतोय आणि मधेच एक बाई खणखणीत आवाजात पन्नास रुपये मिळाल्याचं सांगते. पन्नास पाठवणाऱ्याचे कान लाल होतात. पुढचा माणूस आपोआप पाचशे टाकतो. एवढं आत्मपरीक्षण मला तरी दुसऱ्या कुठल्या मार्गाने झालेलं माहीत नाही.

उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, असं मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. यूपीआयला एकच अंगठा लागतो. अडचण सुटली.

खोल्यांकडे या. शुभवर्तमानात लूक सांगतो की मरियेने बाळाला गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत जागा नव्हती. अशी गैरसोय पुन्हा होऊ नये म्हणून आगाऊ बुकिंग घ्या. एसी खोल्यांचा दर वेगळा ठेवा. डिसेंबरात नाशिकला पारा दहाच्याही खाली उतरतो आणि एसीला कुणी हात लावत नाही, हे खरं. पण खोलीला एसी आहे ना? गरम पाण्याची बादली हिशोबात धरू नका, ती निराळी. पाड्यावरून जीपमध्ये दाटीवाटीने येणाऱ्यांसाठी हॉलमध्ये सतरंज्या आहेतच, आणि थंडीत बसलेल्या माणसाची प्रार्थना जास्त कळकळीची असते, असं प्रवचनात अधूनमधून सांगत चला. २४च्या रात्री बुकिंगशिवाय एखादं जोडपं आलंच, बाई दिवस भरलेली, तर वॉचमनला नियम तोंडपाठ असू द्या. मागे गोठा आहे, पण तो सजवलेला आहे. तिथे कुणाला झोपू देऊ नका.

देणगीदारांचे वर्ग पाडताना डोकं शिणवायची गरज नाही, मागी लोकांनी ते काम करून ठेवलंय: सोनं, ऊद आणि गंधरस. 'सुवर्ण' वर्गाला पहिल्या रांगेत खुर्ची, फादरांबरोबर जेवण आणि संगमरवरी पाटी. 'ऊद'वाल्यांना कॅलेंडर आणि केक. 'गंधरस' घ्यायला मात्र लोक जरा कचरतील. तो पूर्वी प्रेताला लावत, हे त्यांना सांगत बसू नका.

पाटीपेक्षा पंखा बरा, हा माझा खास सल्ला. पात्यावर लाल रंगात 'कै. आईच्या स्मरणार्थ', खाली मुलाचं नाव, त्याखाली गाव. तीन पाती, तीन देणगीदार. उन्हाळ्यात पंखा फिरला की नावं वाचता येत नाहीत आणि देणगीदार रुसतात, ही जुनी तक्रार आहे. पण नाताळात नाशिकला पंखा लावतो कोण? चार दिवस नावं स्थिर राहतात. ध्यानाला बसलेला माणूस डोळे वर करून देवाला शोधतो, तेव्हा त्याला निदान काहीतरी वाचायला मिळतं.

आता प्रवचन. विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट हवीच, तिच्याशिवाय आपल्याकडे निधी उभा राहत नाही. मार्कने ती बाराव्या अध्यायात सांगितलीय: श्रीमंत लोक भांडारात पुष्कळ टाकतात, ही बाई दोन दमड्या टाकते आणि येशू म्हणतो की सगळ्यांपेक्षा हिनंच जास्त टाकलं. हे सांगताना आवाज भरून येऊ द्या. मग लगेच देणगीदारांची यादी वाचा, मोठ्या रकमेपासून खाली, आणि हजारावर थांबा. विधवेचं नाव शुभवर्तमानातही दिलेलं नाही, म्हणजे तिच्या पाटीचा खर्चही वाचला.

तुमच्या हॉलमध्येही ती येईलच. मागच्या सतरंजीवरून उठेल, पदराची गाठ दातांनी सोडवेल, चार घड्या घातलेली वीसची नोट काढेल आणि क्यूआरच्या स्टँडसमोर उभी राहून नोट कुठून आत सरकवायची ते शोधत राहील. टी-शर्ट घातलेले स्वयंसेवक एकमेकांकडे बघतील. 'मावशी, गूगल पे आहे का?' असं एखादा विचारेलही. तेव्हा जुनी पत्र्याची दानपेटी टाकून देऊ नका. चपलांच्या रॅकजवळ ठेवा.

इतिहासाचं थोडं भान हवं, नाहीतर अंगाशी येईल. रोममध्ये संत पेत्राचं महामंदिर बांधायचं होतं, म्हणून टेटझेल नावाचा धर्मगुरू जर्मनीत दंडमुक्तीची, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं विकत फिरला. त्यातून १५१७ मध्ये मार्टिन लूथरने ९५ मुद्दे मांडले, आणि पुढे चर्च कसं फुटलं ते शरणपूर रोडवरच्या प्रॉटेस्टंट बांधवांना विचारा. १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैसे घेऊन दंडमुक्ती देणं बंदच करून टाकलं. म्हणून ती विकायला काढू नका. खोली विका, केक विका, हाऊजीची तिकिटं विका.

मिस्साच्या, म्हणजे वेदीवरच्या मुख्य उपासनेच्या अर्पणाबाबत तर फारच जपा. चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेचं कलम ९४७ सांगतं की त्यात धंद्याचा भाससुद्धा नको. मार्च २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही भर सभेत बजावलं की मिस्साचे पैसे पडत नाहीत. तेव्हा फळ्यावर 'दर' असा शब्द चुकूनही लिहू नका. 'ऐच्छिक अर्पण' लिहा आणि पुढे कंसात 'किमान रु. ५००'. नाशिककरांना यात वावगं काही वाटणार नाही, देवाच्या दारी पावती फाडायची आपल्याला सर्वधर्मीय सवय आहे.

अर्पणाची टेबलं जमिनीला बोल्ट करून घ्या. येशूने मंदिरात सराफांचे चौरंग उलथून टाकले होते.

पावत्यांचं काय, हा प्रश्न मुंबईचे पाहुणे हमखास विचारतील. काहीजण प्रार्थनेला डोळे मिटायच्या आधी ८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीचं विचारतात. दोन हजारांच्या वर रोख दिली तर ती सवलत मिळत नाही, हे त्यांना नम्रपणे सांगा आणि पुन्हा त्या स्टँडकडे बोट दाखवा. आणि घाई करा. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा असते. लोक नवसाचे पैसे तिकडे राखून ठेवतात. एकाच बाळाच्या नावाने दोन महिन्यांत दोनदा खिसा सैल होत नाही.

शेवटी हिशोब. ट्रस्ट म्हटलं की ऑडिट आलं, धर्मादाय आयुक्तांकडे कागद जाणं आलं, त्यातून सुटका नाही. पण तो हिशोब लोकांसमोर वाचायचा असेल तर मटणाच्या जेवणानंतर वाचा, दुपारी अडीचला, हॉलच्या उन्हाच्या बाजूला. तरीही एखादा जागा राहतोच. तो उभा राहून विचारतो की पत्र्यासाठी जमवलेले पैसे पाट्यांच्या संगमरवरावर कसे काय गेले. अशा माणसावर चिडू नका. टाळ्या वाजवून त्याला तिथल्या तिथे समितीवर घ्या, पुढच्या नाताळच्या गोठ्याची जबाबदारी द्या आणि गवताचे भाव काढायला त्याच दुपारी घोटीला पाठवा.